मोहर, गिनी आणि लगड

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या चार दिवस आधी माझी पुतणी पुण्याहून इंदूरला घरी आली होती. नोकरीला लागून तिला वर्ष झाले होते आणि शिलकीतून थोडे सोने घेऊन ठेवावे, असे तिच्या मनात होते. दागिना तिला नको होता. ‘‘काका, दहा ग्रॅमचे एक बिस्कीट घेऊ, की दोन-दोन ग्रॅमची पाच नाणी घेऊ?’’ असा तिचा सरळ प्रश्न. मी राज्य शासनाच्या कोषालय खात्यात सदतीस वर्षे काढली. दुहेरी कुलपाच्या खोलीतील मोहोरबंद पेट्या वर्षानुवर्षे मोजून घेतल्या आणि मोजून दिल्या. तेव्हा काका लगेच उत्तर देतील, अशी तिची अपेक्षा असावी. पण मला ते देता आले नाही. नाणे की लगड हा प्रश्न दिसतो तितका लहान नाही आणि नवाही नाही. या प्रश्नावर एकेकाळी शाही आयोग बसले होते, कायदे झाले होते, आणि आमच्या घरातील एक पेटी त्या कायद्यांपायी अर्धी रिकामी झाली होती. त्या विचारांतून हा लेख झाला.

आमचे घराणे सातारा प्रांतातून होळकरांच्या चाकरीत माळव्यात आले. पणजोबा दप्तरात लेखनिक होते. देवघराच्या खालच्या खणात त्यांची एक पितळी डबी असे. तिच्यात सहा गिन्या होत्या. पुढे आजोबांच्या काळात त्या डबीशेजारी एक लगड येऊन बसली. पणजी वारल्यावर तिचे मोडके दागिने आटवून आजोबांनी सराफ्यातून ती करून आणली होती. वजन बारा तोळ्यांचे. गिन्या आणि लगड एकाच खणात, एकाच लाल फडक्यात राहत असत. दोन्ही सोनेच, पण पुढे दोघांचे नशीब अगदी वेगळे निघाले. ते सांगण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे.

सोन्याला आकार देण्याच्या तीन रीती आपल्याकडे प्राचीन काळापासून चालत आल्या आहेत : दागिना, नाणे आणि लगड. दागिन्यात कारागिराची मजुरी असते, नाण्यात राजाची ग्वाही असते, आणि लगडीत जवळजवळ धातूच असतो. लगडीचा कस काय, हे ज्याच्या हाती ती आहे त्याने कसोटीवर घासून ठरवायचे. नाण्यावर मात्र राजा आधीच सांगून ठेवतो की वजन इतके आणि कस इतका. अर्थात राजाने सांगितले म्हणून सराफ मानत असे, असे नाही. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने अकबराच्या टाकसाळीचे वर्णन करताना सोन्याचा कस पाहण्याच्या रीतीला स्वतंत्र जागा दिली आहे. खुद्द बादशहाच्या टाकसाळीत परीक्षा होत असे, मग पेठेतला सराफ तरी कशी सोडील?

महाराष्ट्राच्या स्मृतीतील सोन्याचे नाणे म्हणजे होन. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांनी पाडलेला होन वजनाने सुमारे पावणेतीन ग्रॅमचा. म्हणजे तळहातावर ठेवला तर बोटाच्या पेराएवढाही नाही. उत्तरेची मोहर त्याच्या चौपट, जवळजवळ तोळ्याची. आणि या दोहोंपेक्षाही आपल्या घराघरांत ज्याने ठाण मांडले ते नाणे ना मराठ्यांचे ना मोगलांचे. ते इटलीतील व्हेनिस नगरराज्याचे. १२८४ पासून १७९७ मध्ये ते राज्य संपेपर्यंत पाचशे वर्षे व्हेनिसने आपले सोन्याचे डुकॅट सुमारे साडेतीन ग्रॅमचे आणि जवळजवळ चोख असे ठेवले. त्याच्या एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला राज्यप्रमुख कोरलेला असे. त्या आकृत्यांवरून आपण त्याला ‘पुतळी’ म्हटले. आपल्या आज्या-पणज्यांच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ म्हणजे मुळात व्हेनिसच्या नाण्यांची माळ. पुढे आपल्याकडच्या सोनारांनी हुबेहूब नकला केल्या आणि नाणे गेले तरी नाव राहिले.

या पुतळीत आजच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर दडलेले आहे. समुद्रापलीकडच्या अनोळखी राज्याचे नाणे आपल्याकडे का चालले? त्याच्यावरील अक्षरे येथे कोणालाही वाचता येत नव्हती. ते चालले याचे कारण एवढेच, की पाचशे वर्षांत त्याचा कस बिघडला नाही. उलट आपल्याकडे पेशवाईत नाना तऱ्हेचे रुपये एकाच वेळी बाजारात फिरत होते. अंकुशी, चांदोरी, हाळी, मल्हारशाही अशी त्यांची नावे जुन्या दप्तरांत भेटतात. प्रत्येकाला वेगळा बट्टा. नाणे घेणाऱ्याला प्रत्येक वेळी सराफाचे तोंड पाहावे लागे. नाण्याची खरी किंमत त्याच्या रूपात नसते, तर ‘पुन्हा तपासावे लागत नाही’ या सोयीत असते. ती सोय संपली की नाणे म्हणजे गोल आकाराची लगड, इतकेच उरते.

इंग्रजी अमलाखाली या सोयीचे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने नाण्यांचे एकच माप ठरविले. मोहर १८० ग्रेनची, म्हणजे बरोबर एक तोळा. बाराला अकरा भाग चोख. आणि नाममात्र किंमत पंधरा रुपये. पण कायदेशीर चलन ठरला तो चांदीचा रुपया एकटा. मोहर पाडता येत होती, घेण्याची सक्ती मात्र कोणावर नव्हती. १८४१ मध्ये सरकारी खजिन्यांनी मोहर पंधरा रुपयांना घ्यावी, अशी आज्ञा निघाली. लोकांना वाटले, आता सोन्याला सरकारची हमी मिळाली. मग कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोन्याच्या खाणी सापडल्या, सोने स्वस्त होऊ लागले, आणि मोहरा खजिन्याकडे धावू लागल्या. १ जानेवारी १८५३ पासून सरकारने त्या घेणेच बंद केले. अकरा-बारा वर्षांची हमी एका अधिसूचनेने संपली. मी स्वतः कोषालयाचा माणूस असल्याने ही हकीकत मला पहिल्यांदा वाचताना बोचली होती. खिडकीच्या अलीकडे बसणाऱ्याला ती अधिसूचना असते. पलीकडे मोहर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तो विश्वासघात वाटतो.

संस्थानांनी मात्र सोन्याचे नाणे सोडले नाही. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या नावाची मोहर पडली आणि तिचे तिसरे व सहावे हिस्सेही पडले. हैदराबादेत निजामाची अशर्फी चारमिनारचे चित्र घेऊन निघे. तिचेही अर्धा, पाव आणि आठवा हिस्सा असे प्रकार होते. त्या त्या शहरांतील आपल्या जुन्या घरांतून ही नाणी अजून निघतात. टाकसाळ चालविणाऱ्यांना एक गोष्ट ठाऊक होती, ती येथे लक्षात ठेवण्यासारखी आहे : सोने मोठ्या नगात साठते, पण लहान नगात उपयोगी पडते.

१८९३ मध्ये सरकारने टाकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या आणि १८९९ च्या कायद्याने इंग्लंडचे सॉव्हरिन हे नाणे पंधरा रुपये दराने हिंदुस्थानात कायदेशीर चलन झाले. हीच आमच्या डबीतील गिनी. खरे तर गिनी हे इंग्लंडचे त्याहून जुने नाणे; ते १८१४ नंतर पाडलेच गेले नाही आणि सॉव्हरिन सुरू झाले ते १८१७ साली. पण आपल्या लोकांनी जुने नाव नव्या नाण्याला चिकटवले आणि ते कायमचे बसले. सॉव्हरिनचे वजन ७.९८८ ग्रॅम आणि त्यात चोख सोने ७.३२२ ग्रॅम. उरलेली भर मुख्यतः तांब्याची, म्हणजे नाणे हातोहात फिरून झिजू नये. पणजोबांनी पगारातून एकेक करून सहा गिन्या घेतल्या, त्या याच पंधरा रुपयांच्या काळात, असे आजोबा सांगत.

पहिल्या महायुद्धात रुपयांची टंचाई पडली, तेव्हा मुंबईच्या टाकसाळीतच सोन्याचे नाणे पाडण्याचा प्रसंग आला. १९१८ मध्ये तेथे पंधरा रुपयांच्या सुमारे एकवीस लाख मोहरा पाडल्या गेल्या. त्यांचे वजन व कस सॉव्हरिनइतकाच होता. त्याच वर्षी तेथेच लंडनच्या टाकसाळीची शाखा उघडली आणि सुमारे तेरा लाख सॉव्हरिन निघाली. त्यांच्यावर हिंदुस्थानची खूण म्हणून रोमन ‘आय’ हे बारीक अक्षर आहे. आपल्या घरी १९१८ ची गिनी असेल, तर भिंगाखाली ती खूण जरूर पाहावी. ब्रिटिश हिंदुस्थानात सोन्याचे चलनी नाणे पाडले गेले ते तेव्हा शेवटचे.

यानंतर नाणे आणि लगड यांचा खरा सामना झाला. १९२० मध्ये सॉव्हरिनचा कायदेशीर दर पंधरावरून दहा रुपयांवर आणला गेला. बाजारात तिची किंमत त्याहून अधिक असल्याने त्या दराने ती द्यायला कोण तयार होणार? नाणे कायद्यात राहिले, व्यवहारातून गेले. हिंदुस्थानचे चलन पुढे कसे असावे हे ठरविण्यासाठी १९२५ मध्ये हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे साक्ष देणाऱ्यांत एक तरुण बॅरिस्टर होते. त्यांचा जन्म आमच्या इंदूरजवळच्या महूचा, त्यांचे परदेशातील शिक्षण बडोद्याच्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीने सुरू झालेले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली लंडनला प्रसिद्ध झालेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना आपण राज्यघटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो, पण ते मुळात चलनशास्त्राचे अभ्यासक होते, हे आपल्या शहरांतही फारसे बोलले जात नाही. त्यांनी आयोगापुढे मांडलेले म्हणणे थोडक्यात असे होते : रुपयाची टाकसाळ सरकारलाही आणि लोकांनाही पूर्णपणे बंद करावी, सोन्याच्या योग्य नाण्यासाठी टाकसाळ उघडावी, आणि रुपया व सोन्याचे नाणे ही दोन्ही कायद्याने ठरविलेल्या दराने अमर्याद चलन म्हणून चालावीत, मात्र सरकारवर एकाच्या बदल्यात दुसरे देण्याचे बंधन नसावे. सरकारने हवे तितके रुपये पाडले की भाव चढतात आणि त्याची झळ गरिबाला लागते, म्हणून सरकारच्या हाताला आवर हवा, हा त्यामागचा विचार होता.

आयोगाचा अहवाल १९२६ मध्ये आला आणि त्याने लगडीच्या बाजूने कौल दिला. सोन्याचे नाणे चलनातून काढावे आणि त्याऐवजी सरकारने लगडींच्या रूपाने सोन्याची खरेदी-विक्री करावी, अशी त्याची शिफारस होती. १९२७ च्या कायद्याने सॉव्हरिनचे चलनपद गेले. सरकारी खजिना ती १३ रुपये ५ आणे ४ पै या दराने घेईल, एवढेच राहिले. चोख सोन्याचा दर तोळ्याला २१ रुपये ३ आणे १० पै ठरला. सरकारला सोने विकायचे तर लगड किमान चाळीस तोळ्यांची हवी. आणि सरकारकडून घ्यायचे तर किमान १,०६५ तोळे, म्हणजे चारशे औंस. त्यातही सोन्याऐवजी पौंडांची हुंडी देण्याची मुभा सरकारला होती.

हिशेब करून पाहा. १,०६५ तोळ्यांची त्या दराने किंमत साडेबावीस हजार रुपयांच्या वर जाते. ज्या काळी आमच्या आजोबांसारख्या लेखनिकाचा पगार महिन्याला काही दशके रुपये असे, त्या काळी सोन्याचा दरवाजा सर्वांना उघडा आहे असे सांगितले गेले, पण उंबरठा साडेबावीस हजारांचा होता. पंधरा रुपयांच्या गिनीचा उंबरठा लेखनिकाला ओलांडता येत होता. लगडीचा येत नव्हता. अर्थशास्त्रज्ञांची या निर्णयाबद्दल काय मते असतील ती असोत. चलनासाठी सोने वाया घालवू नये, ही आयोगाची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. पण नगाचा आकार ठरविणारा हाच मालक कोण होणार हे ठरवीत असतो, हे १९२७ च्या कायद्याइतके स्पष्ट मला दुसरीकडे दिसले नाही.

पुढे १९३१ च्या सप्टेंबरात इंग्लंडने सुवर्णपरिमाण सोडले. सोन्याचा भाव चढला, आणि मंदीने व शेतसाऱ्याने पिचलेल्या हिंदुस्थानी घरांतील सोने बाहेर पडू लागले. दागिने, पुतळ्या, मोहरा, जे हाती होते ते सराफ्यात येई, मुशीत जाई, आणि लगड होऊन मुंबई बंदरातून विलायतेला रवाना होई. त्यात भाव आला म्हणून विकणारे होते, तसेच गळ्यावर आले म्हणून विकणारेही होते. मुशीतून निघालेल्या लगडीवर मात्र कोण कशासाठी आला होता, याची खूण राहत नाही.

आता आमच्या पेटीकडे येतो. स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची चणचण होती. सोन्याची आयात बंद, पण मागणी तशीच. त्यामुळे चोरट्या मार्गाने सोने येऊ लागले. पोर्तुगीज अमलातील गोवा हा त्याचा एक मार्ग होता, तो १९६१ नंतर बंद झाला. पुढे दुबईहून गलबतांतून येणारी दहा तोळ्यांची लगड, म्हणजे ११६.६४ ग्रॅमचे ते प्रसिद्ध ‘बिस्कीट’, पश्चिम किनाऱ्यावर उतरू लागले. चिनी आक्रमणानंतर, ९ जानेवारी १९६३ रोजी, अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रण जाहीर केले. चौदा कॅरेटपेक्षा अधिक कसाचा नवा दागिना करण्यास मनाई झाली आणि दागिन्यांखेरीज जवळ असलेले सोने जाहीर करावे लागले. सुवर्णकारांच्या घरांत चुली विझल्या. कित्येकांनी आत्महत्या केल्या. चौदा कॅरेटची अट १९६६ मध्ये सुटली, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचा स्वतंत्र कायदाच झाला.

या कायद्याच्या व्याख्या मी नोकरीच्या काळात पुन्हा पुन्हा वाचल्या आहेत. त्याने सोन्याचे तीन वर्ग केले. दागिने हा एक. दुसरा ‘वस्तू’, आणि सोन्याचे नाणे या वर्गात धरले होते. तिसरा ‘प्राथमिक सोने’. म्हणजे लगड, पट्टी, कांब, पत्रा, तार. दागिने आणि नाणी गृहस्थाने ठेवावीत. ठरावीक वजनावर असतील तर जाहीर करावीत. प्राथमिक सोने मात्र साध्या गृहस्थाने बाळगायचेच नाही. म्हणजे १९२७ च्या कायद्याने नाण्याला बाजूला सारून लगडीला गादी दिली होती. १९६८ च्या कायद्याने लगडीला घराबाहेर काढले आणि नाण्याला राहू दिले. धातू तोच होता.

आजोबा कायद्याला भिणारे आणि मानणारेही. त्यांनी लगडीचा जाहीरनामा आधीच वेळेवर भरला होता. नवा कायदा आल्यावर त्यांनी परवानाधारक सोनाराकडून लगडीच्या आईसाठी पाटल्या व गोठ करून घेतले. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा असेन. सोनाराने लगड छिन्नीने तोडली, तेव्हा आजोबांनी मान फिरवली, एवढे मला लख्ख आठवते. घडणावळ गेली, थोडी घट गेली. १९८७ मध्ये वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच पाटल्या मोडाव्या लागल्या. पुन्हा टाक्याची घट, पुन्हा कसाची वजावट. बारा तोळ्यांच्या त्या लगडीचे शेवटी सराफाने चोख सोन्याच्या हिशेबाने दहा तोळेही धरले नाहीत.

सहा गिन्या तशाच फडक्यात राहिल्या. एक माझ्या महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी गेली, एक घराच्या छपरासाठी, एक बहिणीच्या लग्नात. प्रत्येक वेळी एकच नग गेला, बाकीच्यांना हात लागला नाही. सराफाने ती तराजूत टाकली, कडा पाहिली आणि भाव सांगितला. कसोटीचा दगड काढलेला मी पाहिला नाही. तीन अजून आहेत.

ही गोष्ट ऐकून पुतणी म्हणाली, ‘‘म्हणजे नाणीच चांगली!’’ येथेच चूक होते. आमच्या लगडीचे नुकसान तिच्या आकाराने केले नाही. कायद्याने केले, आणि ती एकच अखंड होती म्हणून झाले. शिवाय तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. १९९० च्या दशकात आयात खुली होत गेली आणि १९९७ पासून बँकांना सोने आणण्याची परवानगी मिळाली. आज लगड बाळगणे हा गुन्हा नाही. आणि दुसरे, अधिक महत्त्वाचे : आज दुकानात ‘नाणे’ म्हणून जे मिळते ते नाणे नव्हेच. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे चलनी नाणे काढण्याचा अधिकार केंद्र सरकारचा. सराफ किंवा बँक जे विकते त्याच्यावर लक्ष्मी असो वा गणपती, त्याला दर्शनी मूल्य नाही. ती खाजगी शुद्धीकरण कारखान्याची गोल लगड आहे. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी अशोकचक्राचे ‘भारतीय सुवर्ण नाणे’ सरकारने आणले, ते पाच व दहा ग्रॅमचे होते आणि वीस ग्रॅमचा नग लगडीच्या रूपात होता; पण तेही चलन नव्हते. गिनीवर राजाचा शब्द होता. आजच्या गोल नगावर आणि चौकोनी नगावर कारखान्याचाच शब्द आहे. तेव्हा गोल की चौकोनी, या वादात आज अर्थ राहिलेला नाही.

हे मी स्वतः पैसे मोजून शिकलो आहे. २००७ साली एका बँकेतून मी आठ ग्रॅमचे नाणे घेतले. बंद वेष्टन, प्रमाणपत्र, सारे काही. चार वर्षांनी विकायला गेलो तेव्हा कळले की बँका सोने विकू शकतात, परत घेऊ शकत नाहीत. तसा नियमच आहे. सराफाने वेष्टन फोडले, नाणे घासून पाहिले आणि आपल्या हिशेबाने कमी केले. घेताना मी बाजारभावापेक्षा जास्त दिले होते आणि देताना कमी घेतले. आजोबांच्या गिनीला जे भाग्य होते, ते माझ्या नाण्याला नव्हते.

मग पुतणीला काय सांगितले? तिला चार गोष्टी विचारून घ्यायला सांगितल्या. पहिली, त्या दिवशीच्या धातूच्या भावावर किती जास्त घेता? मजुरी साधारणतः नगामागे पडते, वजनामागे नाही. म्हणून दोन ग्रॅमचे पाच नग दहा ग्रॅमच्या एका नगापेक्षा महाग पडतात, आणि २०१७ पासूनचा तीन टक्के कर वेगळा, तो परत मिळत नाही. दुसरी, हा छाप कोणाचा, आणि तो पाहून परत घेणार कोण, किती वजा करून? तिसरी, कस किती? ९९९ आणि २२ कॅरेट यांची तुलना एकूण वजनाने करायची नाही, आतल्या चोख सोन्याने करायची. चौथी, ‘तोळा’ म्हणजे काय? जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजचा सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा. शिवाय वेष्टन फोडायचे नाही, नाके जोडून गळ्यात घालायचे नाही, आणि पावती सोन्याइतकीच जपून ठेवायची. पुतळ्यांच्या माळा मोडताना आपल्या किती घरांनी नाक्यांची वजावट सोसली आहे, हे सांगायला नकोच.

शेवटी तिने दहा ग्रॅमचा एक नग घेतला नाही आणि दोन-दोनचे पाचही घेतले नाहीत. पाच-पाच ग्रॅमचे दोन घेतले. त्यातला एक गोल होता, एक चौकोनी. त्या दुकानात जो ज्या भावाला स्वस्त पडला तो. अडचणीला एक मोडता येईल, दुसरा राहील. २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखाच्या वर गेला आहे. नव्याने कमावणाऱ्या मुलीला पाच ग्रॅमसुद्धा हलके नाहीत. तेव्हा सारी शिल्लक त्यात घालू नकोस, हेही मी सांगितले. सोने व्याज देत नाही. ते फक्त थांबून राहते.

जाण्याच्या आदल्या रात्री तिने पितळी डबी उघडायला लावली. तीन गिन्या तळहातावर घेऊन ती बराच वेळ पाहत राहिली. मग विचारले, ‘‘काका, या अजून पंधरा रुपयांच्याच आहेत का?’’ आम्ही दोघे हसलो. पण हसताना मला वाटले, की पंधरा, दहा, तेरा रुपये पाच आणे चार पै, आणि मग काहीच नाही, असे चार हुकूम या नाण्याने आपल्या आयुष्यात ऐकले. एकाही हुकुमाने तिच्यातील सात ग्रॅम आणि काही गुंजा सोने कमी झाले नाही. डबी मी पुन्हा फडक्यात गुंडाळून ठेवली. तिच्या शेजारची लगडीची जागा १९६९ पासून मोकळीच होती. पुतणीने आपले दोन्ही नग तेथे ठेवले आणि पावतीची एक प्रत माझ्या वहीत.